काकांची अमेरिकन ताई

गाडी घेण्याच्या परवान्याचा भाव ऐकून चांगले कमावते लोकही विषय बदलतात अशा या शहरात सर्वांत जास्त गाड्या तोआ पायोहमधल्या एका सरकारी फ्लॅटच्या मागच्या खोलीत होत्या, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. नोकरीसाठी सिंगापूरला आलो तेव्हा त्या खोलीत मी भाडेकरू म्हणून राहिलो आहे. पलंगाखाली, कपाटावर आणि खिडकीच्या कठड्यापर्यंत गाड्याच गाड्या होत्या. सगळ्या अमेरिकन, सगळ्या पन्नासच्या दशकातल्या, लांबरुंद, पुढे क्रोमचे दात आणि मागे माशासारखे पर असलेल्या. आणि सगळ्या कागदावर. माझे घरमालक, ज्यांना मी पहिल्या दिवसापासून काका म्हणत आलो, जुन्या अमेरिकन गाड्यांचे प्रसिद्धीसाठी काढलेले फोटो जमवत. दर वर्षी नवे मॉडेल आले की तिथल्या कंपन्या गाडीचे चकचकीत कृष्णधवल फोटो वर्तमानपत्रांना पाठवत, मागे टाइप केलेल्या माहितीची पट्टी चिकटवून. पुढे त्यांतली बरीच वर्तमानपत्रे बंद पडली, त्यांचे फोटोविभाग रिकामे झाले, आणि त्या मालाचा एक मोठा हिस्सा समुद्र ओलांडून माझ्या पलंगाखाली आला. माझ्या कपड्यांना कपाटात जो एक कप्पा मिळाला, तो काकांनी काही स्टेशन वॅगन मोठ्या मनाने हलवून दिला होता, आणि त्या हलवाहलवीचा उल्लेख पुढे बरेच दिवस होत राहिला.

काका मूळचे नागपूरचे, शिक्षणाने इंजिनियर. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या कचेरीत, दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणे हे त्यांचे काम, आणि हे काम त्यांना पगाराशिवायही जमले असते. त्यांना गाडी चालवता येत नाही. शिकण्याचा प्रयत्नही त्यांनी केलेला नाही. कारण विचारले की ते शांतपणे सांगतात, "गाडी चालवणाऱ्याला गाडी दिसत नाही. त्याला फक्त रस्ता दिसतो." कामावर ते एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने जातात. टॅक्सीत बसायची वेळ आलीच तर बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतात, त्यामुळे हा माणूस नंतर नुकसानभरपाई मागणार आहे अशी चालकाची समजूत होते. मग मागच्या सीटवर बसून ते चालकाला त्याच्याच गाडीच्या दोन चाकांमधले अंतर विचारतात. त्याला ते माहीत नसते. काका त्याला माफ करतात, पण तसे चेहऱ्यावर दिसू देतात.

फोटो बघण्याची त्यांची एक पद्धत आहे. जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरायचा, त्यावर एकच फोटो ठेवायचा आणि भिंग घेऊन डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली, पोहे झाले, की हा कार्यक्रम. मग भिंगातून एकेक गोष्ट दिसत जाते. रस्ता मुद्दाम ओला केला आहे, कारण कोरडा रस्ता फोटोत राखेसारखा दिसतो. चाके थोडी वळवली आहेत, टायरवरची पांढरी कड दिसावी म्हणून. आकाश ब्रशने रंगवले आहे. दारावर पडलेली झाडांची सावली खरवडून काढली आहे आणि झाडे मात्र तशीच ठेवली आहेत. एका सेडानच्या बंपरमध्ये खुद्द फोटोग्राफरचे प्रतिबिंब राहून गेले आहे, वाटाण्याएवढे, डोक्यावर काळे कापड घेतलेले. काका या माणसाला ओळखीचा मानतात. त्याचे काम दुसऱ्या एखाद्या फोटोत ओळखले की "आपलाच माणूस आहे" म्हणतात. मी रविवारी दुपारी झोपलेला असलो की दारावर टकटक होई आणि काका आत येत. "तुम्ही झोपा, तुम्ही झोपा. मला फक्त मागचे पर बघायचेत." मग माझ्या पायांवरून हात घालून एखादी जड पेटी ओढली जाई, आणि मला उठून पलंगाचे एक टोक उचलावे लागे.

ओळखीतल्या मराठी मंडळींपैकी कुणी गाडी घेतली की फोटो काढायला काकांना बोलावण्याची पद्धत पडली आहे. ही पद्धत कुणी सुरू केली ते आता कुणीच कबूल करत नाही. काका सकाळी येतात, गाडीभोवती फिरतात आणि नंबरप्लेटवर पांढरा कागद लावायला सांगतात. एका घरी गाडीची पूजा होऊन टायरखाली लिंबे ठेवलेली होती. काकांनी ती काढायला लावली. मालक जरा चाचरत म्हणाला की काका, तुमच्या घरी हे मानत नाहीत ते ठाऊक आहे, पण आमच्या आईची श्रद्धा आहे. काका म्हणाले, "माझा लिंबाला वैचारिक विरोध आहेच. पण तो आत्ताचा मुद्दा नाही. टायरची कड झाकली जाते." ती आई मात्र फोटोत यायला पाहिजे म्हणून हट्ट धरून बसली होती. काकांनी तिला पुढच्या दिव्याशी उभे केले, नजर कॅमेऱ्याकडे नको, गाडीकडे हवी असे सांगितले, आणि चेहऱ्यावर सुखद आश्चर्य आणायला लावले. तिने ते इतके मनापासून आणले की घरातल्या सगळ्यांना तो फोटो आवडतो. काकांचा एकच कडक नियम असतो: उघड्या दाराच्या मागे कुणी उभे राहायचे नाही. "माणूस अर्धा कापल्यासारखा दिसतो," ते म्हणतात. फोटो पाठवताना खाली ते माहितीची ओळ लिहितात. मॉडेल, लांबी, चाकांमधले अंतर, रंग. मी कधीकाळी वर्तमानपत्रात बातम्यांच्या टेबलावर काम केलेले असल्यामुळे ही ओळ आधी माझ्याकडे तपासायला येते. मी तिच्यातले निम्मे शब्द कापतो. काका ते परत घालतात.

आता ताईंविषयी लिहिले पाहिजे. गाड्या मन लावून बघता बघता काकांच्या एकदा लक्षात आले की वेगवेगळ्या वर्षांच्या फोटोंत गाडीशेजारी उभी असलेली एक बाई तीच आहे. उंच, थोडे पुढे आलेले समोरचे दात, डाव्या गालावर तीळ, हातात नेहमी पांढरे हातमोजे. कधी ती बंपरकडे बोट दाखवते, कधी डिकीत सहलीची टोपली ठेवते, कधी गोल्फच्या मैदानावर नुसतीच उभी असते. तिच्या शेजारचा नवरा दर वर्षी निराळा असतो. काकांना याचे वाईट वाटत नाही. कामाच्या ठिकाणी सहकारी बदलतात, असे ते समजतात. त्यांनी तिला ताई म्हणायला सुरुवात केली. काकू नोव्हेनाला एका हॉस्पिटलात प्रसूतीच्या वॉर्डात नर्स आहेत आणि तिथल्या पाळ्यांनी त्यांना कमी शब्दांत बोलायला शिकवले आहे. नवऱ्याने परक्या बाईला ताई म्हटल्यावर त्यांनी हिशोबाने तिला नणंद करून घेतले. घरात काही सांडले, काही जळले की "नणंदबाईंना बोलवा, हातमोजे घालून पुसतील," असे म्हणायच्या. मुलगी, जी इथेच शाळा शिकली आणि जिच्या मराठीच्या शेवटी सिंगापूरचा 'ला' येतो, ती ताईंना आत्या म्हणते. फोटो मात्र काकूंनी कधी पाहिले नव्हते. दिवसभर वॉर्डात जिवंत माणसे बघून आल्यावर कागदावरची बघायला डोळे उरत नाहीत, हे त्यांचे म्हणणे, आणि त्यावर काकांनी कधी आग्रह केला नाही.

माझ्यावर मात्र काकांचा एक आरोप कायम आहे. वर्तमानपत्रांतून आलेल्या या फोटोंवर लाल मेणाच्या पेन्सिलीच्या रेघा असतात. छापताना कुठला भाग ठेवायचा हे टेबलावरचा माणूस अशा रेघांनी दाखवत असे. ताईंच्या बहुतेक फोटोंवर ती रेघ गाडी आणि ताई यांच्या मधून जाते. म्हणजे गाडी छापली, ताई कापल्या. काका भिंग माझ्या हातात देऊन रेघेवर बोट ठेवत. "बघा. तुमच्या लोकांनी कापली." मी सांगून पाहिले की पानावर जागा नसते, की मी तेव्हा जन्मलेलोही नव्हतो. काकांनी खुलासा ऐकून घेतला आणि नोंदवून घेतला नाही.

या ताई एका ठरावीक वर्षानंतरच्या कुठल्याही फोटोत नाहीत. शेवटचा फोटो एका कन्व्हर्टिबलचा आहे. त्यात ताई गाडीच्या उघड्या दाराच्या मागे उभ्या आहेत. भर उन्हाळा, झाडे पानांनी भरलेली, शेजारचा माणूस अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आणि ताईंच्या अंगावर सैल कोट. हातमोजे घातलेले नाहीत, नुसते हातात धरलेत. दाराखालून पाय दिसतात, त्यांत उंच टाचा नाहीत, सपाट जोडे आहेत. काकांनी हे सगळे पुरावे टिपले होते आणि त्यांतून एक निष्कर्ष काढला होता: ताईंची परिस्थिती खालावली. कोट जुना, उरलेला एकच. हातमोजे फाटले, नवे घेणे परवडले नाही. जोडे स्वस्तातले. वय झाले, कंपनीने आधी दाराआड उभे केले आणि मग काढून टाकले. याच सुमारास काकांच्या कचेरीतही पन्नाशीच्या पुढच्या माणसांना एकेक करून बोलावून घेत होते आणि ती माणसे दुपारी खोका घेऊन निघत होती, त्यामुळे हा निष्कर्ष त्यांना फारच पटला होता. पुढच्या वर्षीच्या एका तरी फोटोत ताई सापडाव्यात म्हणून ते जगभरच्या विक्रेत्यांकडून पेट्या मागवत राहिले. ताई सापडल्या की खोली रिकामी करतो, असे त्यांनी काकूंना वचन दिले होते. ताई सापडत नव्हत्या आणि पेट्या वाढत होत्या.

मग मुलीने सांगितले की तिला दिवस गेले आहेत. ती राहते पुंगोलला, आईबापांपासून एमआरटीने अर्ध्या तासावर. तरी पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे हे काकूंनी ठरवले होते, आणि माहेर म्हणजे ती मागची खोली. मी ती सोडून केव्हाच दुसरीकडे राहायला गेलो होतो, पण पेट्या तिथेच होत्या. मुलगी म्हणाली, "पप्पा, टेक युअर टाइम ला. मी हॉलमध्ये झोपेन." तिचा हा समजूतदारपणा काकूंच्या आग्रहापेक्षा काकांना जास्त लागला. सातवा महिना सरत आला तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाले की सगळा संग्रह एकाच ठिकाणी, एकाच माणसाकडे गेला पाहिजे, आणि त्या माणसाला नजर पाहिजे. संग्रह विकत घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाची ते परीक्षा घेत. शेवटचा फोटो समोर ठेवायचा आणि काय दिसते ते विचारायचे. प्रत्येकजण गाडीचे नाव सांगे. काका पेटीचे झाकण लावत.

त्यांत बर्गरचे दुकान काढणारा एक स्थानिक गृहस्थ आला. माणूस चांगला होता. त्याला भिंती भरायच्या होत्या, सगळा माल एकदम हवा होता, आणि जागेवरून हलवायची जबाबदारी त्याची. काका जवळजवळ तयार झाले होते. मग त्याने ताईंचा एक फोटो हातात घेतला, भिंतीवर कसा दिसेल याचा अंदाज घेत लांब धरला आणि अतिशय आदराने विचारले, "अंकल, धिस लेडी, कॅन कट ऑर नॉट?" काकांनी त्याच्या हातातून फोटो काढून घेतला आणि त्याला लिफ्टपर्यंत सोडून आले. परत येऊन माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमच्यातलाच आहे."

त्या दिवशी काकूंची सकाळची पाळी होती. त्या दुपारी परतल्या तेव्हा हॉलभर पेट्या आणि मधोमध काका, असे दृश्य होते. काकूंनी पिशवी ठेवली, पाणी प्यायल्या आणि एवढे काय आहे त्या फोटोत म्हणून टॉवेलवरचा तो शेवटचा फोटो प्रथमच उचलून पाहिला. भिंग घेतले नाही. खिडकीशी जाऊन उजेडात धरला, आणि फार वेळही लावला नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमच्या ताईला दिवस गेलेत."

काकूंनी फोटो टॉवेलवर ठेवला आणि नर्स नवख्या नर्सला दाखवते तसे बोट ठेवून दाखवले. कोट आहे तो पोट झाकायला. हातमोजे हातात का, तर बोटे सुजली आहेत, चढत नाहीत. पाय सुजले म्हणून सपाट जोडे. आणि दाराच्या वर दिसणारे खांदे मागे गेलेत, एक हात कमरेवर आहे, तो ऐटीत ठेवलेला नाही. कंबर भरून आली की बाई असाच ठेवते. पाचवा सरला असेल, त्या म्हणाल्या. म्हणून दाराआड उभी केली. गाडीच्या फोटोत पोट कसे चालेल.

काकांनी भिंग घेतले आणि सगळे पुन्हा तपासले. चूक शोधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःची चूक सापडल्यावर जसा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. थोडा खजील आणि बराचसा समाधानी. "म्हणजे काढलं नाही तिला," ते म्हणाले. "घरी गेली."

"घरी गेली."

"मग परत का नाही आली?"

"हे मला विचारताय?" काकू म्हणाल्या. "मीपण पाच वर्षं घरीच होते, पोरगी शाळेत जाईपर्यंत. मला नाही कुणी भिंग घेऊन शोधलं."

त्या हसत बोलल्या होत्या, आणि लगेच भात लावायला आत गेल्या. कुकरची पहिली शिट्टी झाली तरी काका तसेच बसलेले होते. मी एका पेटीला चिकटपट्टी लावण्याचे काम काढले आणि ते गरजेपेक्षा सावकाश केले.

पुढच्या काही दिवसांत खोली रिकामी झाली. वचन होते, आणि ताई सापडल्या होत्या. बर्गरवाल्या गृहस्थाला काकांनी स्वतः फोन केला आणि एकच अट घातली: फोटोतले कुणीही कापायचे नाही. त्याने ती मान्य केली आणि पाळली. आता त्याच्या दुकानात ताई टोपली घेऊन, बोट दाखवत, दरसाल निराळ्या नवऱ्याबरोबर, पूर्ण उंचीने उभ्या आहेत. काका एकदा तिथे जाऊन लिंबाचे सरबत पिऊन आले. कुठल्याही पेटीची वाट बघायची नसल्याने रविवारी सकाळी पोह्यांनंतर त्यांना काय करायचे ते सुचत नाही. पांढरा टॉवेल अजून टेबलावर अंथरला जातो. त्यावर काका मेथी निवडतात, असे काकू सांगतात. देठ, पान, देठ, पान, भिंग घेऊन बसल्यासारखे, त्यामुळे भाजीला उशीर होतो. शेवटचा फोटो मात्र त्यांनी कुणाला दिला नाही.

मुलगी माहेरी आली त्या दिवशी मी तिथे नव्हतो. काकूंकडून कळले ते असे. टॅक्सी इमारतीखाली थांबली, काकू पिशव्या घ्यायला पुढे गेल्या, आणि मुलगी दार उघडून उतरली ती दाराआडच उभी राहिली, कारण काकांच्या हातात कॅमेरा होता. आपण सुजलो आहोत, अवतार आहे, फोटो नको, असे ती म्हणत होती. काका टॅक्सीभोवती फेरी न मारता सरळ तिच्यासमोर गेले आणि म्हणाले, "दाराच्या पुढे ये, बेटा." मग पिशव्या घेऊन बाजूला सरकणाऱ्या काकूंकडे बघून म्हणाले, "तूपण." चालकाला घाई होती. त्याला त्याच्या चाकांमधले अंतर कुणी विचारले नाही.

तो फोटो त्याच संध्याकाळी माझ्याकडे तपासायला आला. मुलगी मध्यभागी आहे, दोन्ही हात पोटावर, पायांत सपाट चपला. शेजारी काकू, खांद्याला पिशवी, हसू दाबलेले. दोघी गाडीकडे नव्हे, सरळ कॅमेऱ्याकडे बघत आहेत. टॅक्सीचे एक दार आणि पाऊण चाक तेवढे आले आहे, बाकी सगळी कडेला कापली गेली आहे. खाली नेहमीप्रमाणे माहितीची ओळ होती.

'डावीकडून: बाळाची आजी, बाळाची आई. गाडीची माहिती घेतली नाही.'

मी ती दोनदा वाचली. कापण्यासारखा एकही शब्द सापडला नाही.